कुंडीतली साधी माती

जंतूंवर संशोधन करणाऱ्या सरांना तुलनेसाठी औषधाचा वाराही न लागलेली माती हवी होती. त्यांनी आपल्याच घरच्या गॅलरीतल्या कुंडीतली मूठभर माती विद्यार्थिनीच्या हाती दिली. निकाल भलताच आला. त्या मातीतले जंतू अँटिबायोटिकला मुळीच दाद देत नव्हते; औषध पचवणारी जनुकं त्यांनी शेजारपाजारच्या जंतूंकडून उचलली होती.

"साध्या मातीत हे येईलच कसं? तूच काहीतरी घोळ घातलास," सर सगळ्यांदेखत म्हणाले. तिनं दोनदा पुन्हा तपासलं. दोन्ही वेळा तेच आलं, तेव्हा त्यांनी तिला प्रकल्पातून काढून टाकलं.

संध्याकाळी ते स्वतःच माती काढायला बसले. आई झाडांना पाणी घालत होती.

"आई, या कुंडीत कधी काही घातलं होतंस का गं?"

आई जरा चाचरली. "तू मला आणून दिलेल्या त्या लघवीच्या इन्फेक्शनच्या गोळ्या. वर्षभर रोज एक घ्यायला सांगितलेल्या. घेतली की पोटात नुसती आग आग व्हायची. मग पाण्यात विरघळवून झाडाला घालायला लागले. टाकवत नव्हत्या रे."

हातातली माती हातातच राहिली. विद्यार्थिनीचा रडवेला चेहरा सरांच्या डोळ्यांपुढून हलेना. आईकडे बघायचा धीर होईना.

"मला सांगायचंस तरी," ते कसेबसे म्हणाले.




"सांगितलं होतं की. तू म्हणालास, तूच काहीतरी अरबट-चरबट खाल्लं असशील."