आईचं सोवळं

“आई हो म्हणाली तरच सही करतो,” असं म्हणून राघवेंद्रनं भिंतीकडे तोंड केलं.

भार्गवीनं कपाळाला हात लावला. लातूरच्या या दवाखान्यात नवऱ्याच्या उशाशी बसून बसून तिचे डोळे चुरचुरत होते. डॉक्टरही समजावून थकले होते. मोठ्या आतड्याला फुगे आले होते, त्यातला एक फुटून पोटात पू झाला होता. खराब भाग कापायचा हे ठरलेलंच. पण दोन्ही टोकं लगेच जोडली, तर अशा पोटात टाके सुटायची भीती. त्यापेक्षा वरचं टोक पोटावर काढायचं, शौच जमा व्हायला तिथं पिशवी लावायची आणि काही महिन्यांनी जोडायचं. उशीर केला तर जिवावर बेतेल, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. नमुन्याची पिशवी त्यांनी टेबलावर ठेवली, तर राघवेंद्रनं तिच्यावर टॉवेल टाकला.

“पोटावर घाण बांधून आईच्या देवघरात जाऊ?” एवढंच तो म्हणाला.

सौदामिनीबाई देवणीहून निघाल्या होत्या आणि इकडे भार्गवीला धडकी भरली होती. सासूबाईंचं सोवळं म्हणजे घरादाराला जाच. हैदराबादला पित्ताचे खडे काढून आल्यापासून ते फारच वाढलं होतं म्हणे. मागच्या अंगणातली न्हाणी फक्त त्यांची. पहाटे आत गेल्या की बराच वेळ कडी निघायची नाही. कांदा-लसूण बंद, कोबीसुद्धा बंद. कपाटाला कुणी हात लावायचा नाही. पूजेचं सामान आणायला दर महिन्याला एकट्याच लातूरला यायच्या.

हे सगळं भार्गवीनं मुकाट सोसलं. पण सख्ख्या नातवाला त्यांनी कधी मांडीवर घेतलं नाही, ते मात्र तिच्या मनातून जात नव्हतं. पोरगं रांगत जवळ गेलं की म्हणायच्या, “लांब ने गं त्याला, मी सोवळ्यात आहे.” असली बाई लेकाच्या पिशवीला कशाची हो म्हणतेय!

दुपारी त्या धापा टाकत आल्या. भार्गवीनं सगळं सांगितलं. मग इतक्या वर्षांत जे बोलली नव्हती, तेही बोलून गेली.

“आई, तुमचं सोवळं राहील. पण माझा नवरा जाईल.”

सौदामिनीबाई रागावल्या नाहीत. त्यांनी टॉवेल उचलला, पिशवीची कड बोटांनी चाचपली आणि ती जागेवर ठेवून दिली. भार्गवीला दार लावायला सांगितलं. आणि चक्क दवाखान्याच्या त्या खाटेवर, लेकाला खेटून बसल्या.

त्याचा हात धरून त्यांनी पदराआड नेला, पोटाच्या डाव्या बाजूला ठेवला. लुगड्याखाली प्लास्टिक सळसळलं.

“हैदराबादला खडे काढले नव्हते रे, राघू,” त्या म्हणाल्या. “तेव्हापासून देवाचा नैवेद्य अशीच करत आलेय मी. कर सही.”