चार हातांची धून

सेनाद सर मूळचे बोस्नियाचे, सिडनीत पियानो शिकवायचे. लॉकडाऊनमध्ये कौमुदीचा क्लास झूमवर गेला. दोघांनी मिळून वाजवायची, सरांनीच रचलेली चार हातांची धून मात्र काही केल्या जुळेना. आवाज उशिरा पोचायचा. शेवटी सर म्हणाले, "मी म्यूटवर वाजवतो. माझी जागा आली की थांब आणि माझ्या हातांकडे बघ."

कोविडने सर गेले. अंत्यविधीला दहाच माणसांना परवानगी होती, म्हणून कौमुदीने ती धून घरूनच झूमवर वाजवायला घेतली.

दुसऱ्या खोलीत लॅपटॉपवर बघणारा तिचा नवरा यतिन दारात आला. "अगं, मधेमधे आवाज जातोय. नेट गंडलंय का?"

पट्ट्यांवरून हात उचलून, स्क्रीनकडे बघत कौमुदी हळूच म्हणाली, "नेट ठीक आहे. इथे सर वाजवतात."