तिसऱ्या घराचं दार

समुद्र एकेक घर गिळत पुढे आला, तसतशी वस्ती मागे सरकली. भिंती नव्या बांधता येतात, पण दार मात्र जो तो जुनंच उचलून आणी. सुताराच्या मावशीचं दार आता तिसऱ्या घराला लागलं होतं. इथून समुद्राची गाजही ऐकू येत नव्हती.

"भरतीला फुगतं, ओहोटीला सुटतं," मावशी म्हणाली.

"लाकूड पावसाळ्यात फुगतं, मावशी. भरती आली हे त्याला कोण सांगतं?"

"ते तूच शोध."

सुताराला राहवेना. भर उन्हात त्याने दार बिजागऱ्यांवरून उतरवलं आणि बाहेरची बाजू वर करून अंगणात दोन स्टुलांवर आडवं ठेवलं. रंधा मारला तर सोलपटं ओली निघाली. एक चाखून पाहिलं, तर खारट.

दारातच बसवलेल्या कुलपाचा दांडा बाहेर आलेलाच अडकला होता. तो आत घ्यायला त्याने किल्ली घातली, ती अर्ध्यावरच अडली. वाळू असेल म्हणून फुंकर मारली, मग भोकात डोकावला. पलीकडून आधीच एक किल्ली लावलेली होती.

त्याने वाकून दाराखाली पाहिलं. स्टुलांचे पाय आणि गवत. किल्ली कुठेच नव्हती.

"मावशी, दुसरी किल्ली कुणाकडे असते?"

"तुझ्या काकांकडे. सगळी वस्ती उठली, तेवढे काही पहिल्या घरातून हलले नाहीत."

कुलपात खट्ट झालं. दांडा सावकाश आत सरकला.

मावशीने ओले हात पुसले. "जरा मागे सरक," ती म्हणाली. "आमचं दार बाहेर उघडतं."