शेवग्याचा पाला

शाळेच्या खिचडीत शेवग्याचा पाला घालायचं अनसूयाबाईंनी मनावर घेतलं होतं. पाला त्यांच्या परसातलाच, पोरांच्या अंगी लागणारा. पण पोरं एकेक पान वेचून ताटाच्या कडेला काढून ठेवायची.

"अन्न असं वाया जाणार असेल तर पाला नको," मुख्याध्यापिका म्हणाल्या.

"उद्याचा एक दिवस द्या, बाई."

दुसऱ्या दिवशी अनसूयाबाईंनी पाला लसणीबरोबर बारीक वाटला आणि खिचडीच्या डाळीत मिसळला. मग त्या वाढायला उभ्या राहिल्या.

पानं काढण्यात सगळ्यांच्या पुढे असणाऱ्या ईश्वरीनं ताट नीट न्याहाळलं. "मावशी, आज पाला नाही ना?"

"दिसतोय का कुठं?"

ईश्वरी जेवायला बसली. थोड्या वेळानं ती रिकामं ताट घेऊन परत आली. तिच्यामागे मुख्याध्यापिकाही आपलं ताट घेऊन उभ्या होत्या.