अंगाला चिकटलेला वास

"तुम्ही मला माझ्या आईशी खोटं बोलायला लावताय, डॉक्टर. हे पाप तुमच्या माथी."

"घेतो माथी," डॉक्टर म्हणाले. "पण थोरला गेला हे त्यांना आत्ता कळलं, तर त्यांचं हृदय टिकायचं नाही. सकाळी तुम्ही 'तो कामात आहे' म्हणालात आणि बाई पलंगावरून उठून त्याला शोधायला निघाल्या. थोरला जिवंत आहे अशी त्यांची खात्री पटायला हवी. कशी, ते तुम्ही बघा."

"आंधळी आहे ती. बावळट नाही."

डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं. मोठ्या माणसांना एवढ्यावर हात धुता येतात.

धाकटा जिना उतरला. डोळे गेल्यापासून आई माणसं वासावरून ओळखायची. फोन कानाला लावायची नाही. "ज्याला वास नाही त्याच्याशी काय बोलायचं?" म्हणायची. दोघा भावांचा आवाज एकच, शेजारीपाजारीही फसायचे. पण थोरला सुतार. त्याच्या अंगाला भुश्शाचा, ओल्या लाकडाचा, मातीच्या जमिनीचा वास. धाकटा अत्तराच्या दुकानात. त्याला रोज नवा वास.

थोरला गेला तो त्याच दुकानात. भावासाठी भिंतीला फळ्या ठोकायला आला होता. "शिडी धर रे," म्हणाला. "धरलीय, दादा," असं म्हणत धाकटा एका गिऱ्हाइकाच्या मनगटावर फवारा मारायला वळला. एका फवाऱ्यापुरताच. हे त्यानं डॉक्टरांना सांगितलं नव्हतं. कुणालाच नाही.

त्यातल्याच एका फळीवर आता एक नवं अत्तर होतं. खपत नव्हतं. मालकीणबाईंनी नेहमीच्या गिऱ्हाइकांना छोट्या बाटल्या वाटल्या होत्या. लावून बघा, काय वाटतं ते सांगा. लोक येऊन सांगत.

"नुकतं टोक काढलेली पेन्सिल," शाळेतल्या बाई म्हणाल्या. "मला आवडलं. वर्गात मात्र पोरं नाकं दाबतात."

"बायको विचारते, कुठल्या खड्ड्यात पडला होतात?" टॅक्सीवाला म्हणाला. "आणि जात नाही हो हे! साबण झिजला, वास तसाच. जावयासारखं ठाण मांडून बसतं."

शिवणकाम करणारी बाई जरा दबकतच बोलली. "चांगलंय. पण लावलं की कुणीतरी मागे उभं असल्यासारखं वाटतं."

ती गेल्यावर धाकट्यानं मनगटाला एक थेंब लावला. हुंगला. आणि खरोखर मागे वळून बघितलं.

दुसऱ्या दिवशी त्यानं पॉलिशपेपरवर हाताचे तळवे सुतारासारखे खरखरीत होईपर्यंत घासले. दादाचा सदरा चढवला. मानेला, मनगटांना अत्तर चोपडलं.

वॉर्डात त्याच्या पावलांआधी वास पोचला.

"थोरल्या!" आईनं त्याच्या छातीत नाक खुपसलं. रडली. मग पाठीत धपाटा घातला. "मेल्या, कुठे होतास?"

"कामात."

"बास? एवढंच? शब्द काय तोलून विकतोस का?"

आई जेवायला लागली. डॉक्टर खुश. "थोरल्या मुलानं जादू केली हो," सिस्टर म्हणाल्या.

मग आईनं विचारायला सुरुवात केली. "शेंडेफळ कुठाय माझं?"

"दुकानात. गर्दी असते."

पुढच्या वेळी पुन्हा तेच. त्याच्याही पुढच्या वेळी तेच.

धाकटा म्हणून जायचा त्यानं खूप प्रयत्न केला. लिंबू चोळलं, सोडा चोळला, राख चोळली. कातडं सोलवटलं. मनगट हुंगलं की दादाच. काही दिवस अत्तर लावलं नसतं तर वास गेलाही असता. पण एक दिवस थोरला आला नाही तरी आईला धाप लागायची.

हळूहळू तिचा घास पुन्हा अर्ध्यावर राहू लागला. ती नुसती त्याचा सदरा हुंगायची आणि तोंड फिरवायची. तिला कळलंय, त्याच्या मनानं घेतलं. आज सांगून टाकायचं. शिडीसकट.

"आई, तुला एक सांगायचंय."

"माहीत आहे मला," आई म्हणाली. "जीव नाही गेला माझा. सांग तुझ्या त्या डॉक्टरला."

"कधी कळलं?"

"कामात आहे, गर्दी आहे! आईला एवढं कळत नाही होय रे? जिवंत माणसाला इतकं काम नसतं."

तो खाली बसला. तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. "माझी चूक आहे, आई. शिडी मी धरायची होती. नाही धरली. दुसरीकडे बघत राहिलो."

"आणि तो पडला."

"हो."

मग तिचा हात त्याच्या केसांतून फिरू लागला. "रडू नकोस. तू का मुद्दाम केलंस? मी तुला बोल लावणार नाही. कधीच नाही."

इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याला मोकळा श्वास आला.

"एकच सांग," आई म्हणाली. "पडताना माझ्या शेंडेफळानं मला हाक मारली का रे? बोल ना, थोरल्या."