ओढून जुळवलेला सांधा

खालापूरच्या कारखान्यात ॲल्युमिनियमच्या बोटी वेल्डिंगनं जोडणारा साईनाथ त्या दुपारी टेंपोला आडवा उभा राहिला. "ताई, ही बोट पाठवू नका."

तपासणीवरच्या माधवीताई सही करता करता थांबल्या. "अरे, एक्स-रे काढलाय. सांध्यात एकही भेग नाही."

"भेग आज नाय. पण तळाच्या पत्र्यांत पेरभर फट राहत होती. मी जॅक लावून ते खेचले आन् तसेच जोडले. सांधा आतून ताणलेला हाय. मघाशी कान लावला, तर आत कायतरी तडतडलं."

नोकरी जाणार हे त्याला कळत होतं, तरी तो हलला नाही. माधवीताईंनी बोट उतरवून घेतली. "काप," त्या म्हणाल्या.

साईनाथनं सांध्यावर कटर धरला. वीतभर कापून होतंय तोच फाडकन आवाज झाला आणि पुढचा सगळा सांधा आपोआप उलत गेला.

"आधी धरणावर पाठवलेल्या दोन बोटी?" माधवीताईंनी विचारलं.

"त्याबी मीच जोडल्या. अशाच."

त्यांनी धरणावर फोन लावला. "बोटी पाण्यात उतरवू नका!"

पलीकडून टाळ्या आणि हसणं ऐकू आलं. "मॅडम, नारळ कधीच फुटला. बचतगटाच्या बायका बसल्यात. बोट पार मध्यावर गेली."