घोंगडीचा धागा

कॅनडाच्या बोटीत चढताना भावानेच बजावलं होतं, “एफी, तिकडे आपली पत्रं जहाजवाल्यांचा कारकून लिहून देतो, वाटेल ते घुसडतो. आत बाबांच्या घोंगडीचा धागा असेल तरच खरं मान.” दोन वर्षांनी स्काय बेटावर त्याचं पत्र आलं: सुपीक जमीन, काचेच्या खिडक्या आणि घडीत निळा धागा. मी गाय विकली, घर धाकट्या बहिणीवर, सीनावर सोडलं, सहा आठवडे ओकत कॅनडा गाठलं. समोर चिखल, जंगल आणि ओंडक्यांचं खोपट. त्याला खिडकीच नव्हती. “कारकुनाने घात केला ना रे, लॅक्लन?” “छे, धागा मीच घातला. अगं, करवतीला दोन मुठी असतात. दुसरी कोण धरणार?” त्याने घोंगडी माझ्यापुढे टाकली. “आता धाकट्या सीनाला बोलावू. या वेळी धागा तू गाठ मारून घाल. तुझ्या हातची गाठ पाहिली की डोळे मिटून येईल.”